शुक्रवारची गाडी

बोईसर
फेब्रुवारी १९८९

प्रिय जमुना,

परवा एका माणसानं मला विचारलं, तुम्ही आजवर स्वतःच्या हातानं काय काय बनवलंत? माणूस कोण आणि कशासाठी विचारत होता, ते शेवटी सांगतो. आधी मी दिलेलं उत्तर ऐक, कारण ते माझं मलाच आवडलंय. मी म्हटलं, बसा, वेळ लागेल. घराच्या मागच्या दाराच्या बिजागऱ्या मी केल्या, चार पावसाळे गेले, अजून कुरकुरत नाहीत. बायकोचा शेवयांचा सोऱ्या मी केला, पितळेचा, त्याची शेवई कधी तुटत नाही. हा लेथ बघताय ना, भंगारातून आणला तेव्हा त्याचा नुसता सांगाडा होता, बाकी जे फिरतंय ते सगळं माझं. एडवणच्या एका नाखव्याच्या होडीचा पंप फुटला, मुंबईहून भाग यायला पंधरवडा लागणार होता. फुटक्या तुकड्यांवरून माप काढून मी दुसरा उभा केला आणि होडी ठरल्या भरतीला बाहेर पडली. माझ्या मुलीच्या घडीच्या पांढऱ्या काठीचे सांधे मी केले, ती काठी घेऊन ती नाशकात एकटी बाजारात जाते. शिक्षण सातवी, म्हटलं. लेथ मला कोणी शिकवला नाही, मी त्याच्याकडे बघत बसलो आणि तो शिकवत गेला. आणि सगळ्यात शेवटी म्हटलं, गाडी. ती शेवटी, कारण ती करायला घेऊन पंधरा वर्षं झाली आणि पुरी आत्ता, या महिन्यात झाली.

साखरबाई, नमस्कार. तुम्ही शाळेचं एवढं वसतिगृह सांभाळून माझी पत्रं जमुनाला वाचून दाखवता, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. पण दिवाळीआधीच्या एका पत्रातला स्प्रिंगचा मजकूर तुम्ही गाळलात. दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी तिला त्याबद्दल एक प्रश्न विचारला आणि तिला काही ठाऊकच नव्हतं. तुम्हाला कंटाळा आला असणार, मी समजू शकतो. या पत्रात स्प्रिंग थोडीच आहे, पण जिथं आहे तिथं वाचा. ती गेली तर पुढचं काही उभं राहणार नाही.

तर जमुना, दिवाळीनंतरच्या तुझ्या पत्रात तू मागणं केलंस. ते पत्र मी शर्टाच्या खिशात इतके दिवस बाळगलं की आई म्हणाली, आता शर्टासकट धुवायला टाकू का. तू लिहिलंस, आबा, या वर्षी माझ्या वर्गात बारा नव्या मुली आल्यात, सगळ्या लहान. घरच्यांनी इतकं जपलंय की त्यांना चालायची भीती वाटते. हातात काठी द्यायच्या आधी मला त्यांच्या हातात आपली गाडी द्यायची आहे, एकेकीला एकेक. पण बाराही गाड्या अगदी सारख्या अंतरावर थांबल्या पाहिजेत. एकीची जवळ आणि दुसरीची लांब थांबली, तर गाडी चुकली असं त्या मुलीला वाटत नाही, आपणच चुकलो असं वाटतं. हे शेवटचं वाक्य मी लाडकीला वाचून दाखवलं. लाडकी म्हणजे माझ्या गाळ्यात बुश आणि पिना जोडायला असते ती, बेटेगावची. ती हातातलं काम थांबवून म्हणाली, "दादा, पोरगी बराबर बोलते. आता तुमची खरी परीक्षा हाय." मी म्हटलं, परीक्षेला मी घाबरत नाही, सातवीनंतर कोणी घेतलीच नाही.

एक गाडी मी केव्हाच केली होती. तुला आठवतं त्यापेक्षा मला ते जास्त आठवतं, तू जेमतेम पाच वर्षांची होतीस. मी पारनेरहून इथं आलो तो तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटरच्या हाताखाली. ते काम संपल्यावर बाकीचे परत गेले आणि मी इथल्या नव्या औद्योगिक वसाहतीत चिकटलो. ताटल्या ठोकणाऱ्या प्रेसच्या गाळ्याला लागून एक खोली होती, भिंतीला भिंत, भाडं कमी, कारण त्या आवाजात दुसरं कोणी राहायला तयार नव्हतं. पुढं त्याच प्रेसच्या दुसऱ्या अंगाचा गाळा मी घेतला, तोच आजचा. शेजारच्या जिवल्यानं तुला ताडगोळ्यांच्या सालींची गाडी करून दिली होती, काठीच्या दोन टोकांना दोन साली, इथली सगळीच पोरं करतात तशी. तू ती ढकलायचीस, ती मन मानेल तिकडे जायची आणि कोणीतरी धावत जाऊन तुला आणून द्यायचं. जिवल्या आणायचा, आई आणायची, वाटेनं जाणारा सायकलवालाही उतरून आणून द्यायचा. सगळे चांगले होते, तीच तर अडचण होती. एके दिवशी तू गाडी मांडीवर घेऊन नुसती बसलीस. आई म्हणाली, "का गं, खेळ की." तू म्हणालीस, "ती जाते आणि मग कोणीतरी आणतं. त्यात मी काय खेळले?"

त्या आठवड्यात मी तुझ्या आईच्या माहेरचं गजराचं घड्याळ फोडलं. त्याची स्प्रिंग काढून मी गाडीत बसवली. आई ते ऐकवायचं अजून सोडत नाही, "तुमच्या गाडीनं माझ्या माहेरची वेळ खाल्ली." साखरबाई, हीच ती स्प्रिंग. किल्लीनं ती पिळायची. स्प्रिंग एक दोरी ओढते, दोरी आसावर गुंडाळलेली असते, ती सुटत जाते तशी चाकं फिरतात. दोरी संपली की गाडी उरलेल्या वेगानं थोडी घरंगळून थांबते. एवढंच यंत्र आहे. मागची चाकं उंबऱ्याला टेकवून सोडली की आपली गाडी जात्याच्या अलीकडे येऊन थांबायची, रोज, तिथंच. तू हातापायांवर जायचीस आणि हात पुढं करायचीस. पहिल्यांदा ती हाताला लागली तेव्हा तू हसलीही नाहीस. गाडी घेऊन मुकाट्यानं परत उंबऱ्याशी गेलीस आणि पुन्हा सोडलीस. आई चुलीपुढं बसून हे बघत होती. तिची भाकरी करपली आणि ती करपलेली आहे हे आम्ही दोघांनीही खाऊन झाल्यावर ओळखलं.

शुक्रवारी मात्र तुझी तक्रार असायची. आईचा संतोषी मातेचा शुक्रवार तेव्हा नुकताच सुरू झाला होता. घरात आंबट काही नाही, गूळ आणि चणे, आणि दिवसभर उपास. तू म्हणायचीस, "आबा, आज गाडीलाही उपास आहे. ती जात्यापर्यंत जातच नाही." आईला याचं भारी कौतुक. ती गाडीच्या टपावर एक चणा ठेवायची आणि म्हणायची, सोड गं बाई उपास. मी म्हणायचो, तुझा किल्लीचा हात हलका पडतोय आज. मुलं आईचं बघून बोलतात, मी तिकडे लक्ष दिलं नाही. हे ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

आता या बारा गाड्यांचं. एक गाडी चांगली जमणं वेगळं आणि बारा गाड्यांनी एकीसारखं वागणं वेगळं, हे मला वाटत होतं त्यापेक्षा महागात पडलं. मी एक साचा केला, त्यात बसवूनच प्रत्येक आस ठोकायचा, म्हणजे गाडी सरळ जाईल, डावीउजवीकडे ओढणार नाही. चाकं शिसवी लाकडाची. पण इथला खारा वारा लाकडात शिरतो आणि सकाळी गोल असलेलं चाक दुपारी फुगतं, म्हणून सगळी चाकं अळशीच्या तेलात मुरवली. मग गाळ्याच्या फरशीवर खडूची रेघ मारली. या रेघेपासून सोडायची आणि नाक जिथं टेकेल तिथं लाडकीनं खूण करायची. पहिल्याच दिवशी कळलं की सोडणारा हात खोटं बोलतो. माझ्या हातून गाडी पुढं जायची, लाडकीच्या हातून मागं राहायची. आपण सोडतो असं वाटत असतं आणि बोटं नकळत ढकलत असतात. म्हणून प्रत्येक गाडीला एक खिटी केली. खिटी वर उचलली की गाडी आपली आपण सुटते, हाताचा संबंधच नाही. त्यानंतर गुरुवारी आम्ही पहिल्या सहा गाड्या सोडल्या. सहाही एका रेघेत उभ्या राहिल्या, नाकाला नाक, बोटभराचा फरक नाही. मी लाडकीला म्हटलं, जा, दोन चहा सांग, भज्यांसकट.

तुला शब्द दिला होता म्हणून दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वसाहतीला सुट्टी असूनही आम्ही दोघं गाळ्यात आलो आणि उरलेल्या सहा सोडल्या. सहाही रेघेच्या वीतभर अलीकडे थांबल्या. एखादी नाही, सहाच्या सहा. माझं डोकं फिरलं. मी लाडकीवर घसरलो, म्हटलं, तू तेल जाड घातलंस. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "माज्या तेलाला नाव नाय ठेवायचं. कालच्या गाड्यांना बी ह्याच डब्यातलं तेल हाय. काल गोड होतं आन आज आंबट झालं काय?" मग मी सहाही गाड्या उघडल्या, सगळ्यांच्या स्प्रिंगांना एक पीळ जास्त दिला आणि दुपारपर्यंत सहाही रेघेला आणून टेकवल्या. घरी जाताना शीळ घालत गेलो. शनिवारी सकाळी त्याच सहा गाड्या सोडल्या तर रेघ ओलांडून पार लेथच्या पायाला जाऊन आदळल्या. लाडकी पदर तोंडाला लावून म्हणाली, "दादा, गाड्या शाण्या हायत, त्या तुमाला वळखतात." मी तिच्याशी दिवसभर बोललो नाही.

त्यानंतरचा आठवडा कसा गेला ते तुझी आई रंगवून सांगेल. मी जेवताना ताटाभोवती बोटानं रेघा काढायचो. एकदा ती म्हणाली, "लोक लेकीसाठी सोनं करतात, आणि यांचं बघा." मी म्हटलं, सोनं कुठंही ठेवलं तरी सोनंच राहतं, त्यात करणाऱ्याची काय कमाल? पण मनातून मी बेचैन होतो. बाराही गाड्या डब्यात भरून तुझ्याकडे पाठवता आल्या असत्या. मुलींना अंतराचा फरक दिसणार नाही असं कोणी म्हटलंही असतं. दिसणार नाही, पण पायाला कळेल. एखादी मुलगी हात पुढं करेल, तिथं काही नसेल, आणि ती जागच्या जागी उभी राहील. ती कशी उभी राहील हे मला माहीत आहे. मी ते पाहिलेलं आहे.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा सुट्टी, पुन्हा आम्ही दोघं गाळ्यात. या वेळी गुरुवारच्या, म्हणजे निर्दोष सहा गाड्या सोडल्या, आणि त्याही वीतभर अलीकडे थांबल्या. आम्ही दोघं जमिनीवर बसून त्यांच्याकडे बघत राहिलो. तेवढ्यात तुझी आई गूळचण्यांची वाटी घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "तोंडं बघा दोघांची, म्हैस हरवल्यासारखी." मग तिनं रेघेच्या अलीकडे थांबलेली ती रांग पाहिली आणि हसायला लागली. म्हणाली, "अहो, आज शुक्रवार. जमुना म्हणायची ते विसरलात का? आज गाड्यांना उपास!" आणि वाकून एकेका टपावर एकेक चणा ठेवत गेली. लाडकीनं आपला चणा मात्र तोंडात टाकला. मी काहीतरी फटकळ बोलणार होतो. बोलायला तोंड उघडलं आणि माझाच आवाज मला नको तेवढा मोठा ऐकू आला. एरवी त्या गाळ्यात ओरडून बोलावं लागतं. मी भिंतीला कान लावला. भिंतीपलीकडचा प्रेस बंद होता.

शनिवारी प्रेस सुरू झाल्यावर मी पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी फरशीवर ठेवली. एक ताटली ठोकली जाते, पाण्यावर एक गोल उमटतो. पुन्हा ठोका, पुन्हा गोल. लाडकी पालथी पडून बघत होती, म्हणाली, "पाणी नाचतंय, दादा." पंधरा वर्षं मी त्या हादऱ्यावर उभा आहे, मला तो कळेनासा झाला होता. दोरी संपल्यावर गाडी घरंगळत असते, तेव्हा जमीन बारीक बारीक थरथरत असली की आस बुशात, म्हणजे त्याला धरणाऱ्या कड्यात, अडत नाही, मोकळा फिरतो आणि गाडी आणखी थोडी पुढं जाते. शुक्रवारी वसाहत बंद, जमीन गप्प, गाडी लवकर थांबते. तू पाच वर्षांची असताना हे मापलं होतंस, बिनचूक. फक्त त्याचं कारण आईच्या उपासातलं घेतलंस. तुझं माप बरोबर होतं हे मी लेखी देतो. फार डोक्यावर घेऊ नकोस, हादऱ्याचं कारण मी शोधलं.

आणि कारण सापडल्यावर मला भीती वाटली, ती सांगतो. समजा ते सापडलं नसतं आणि गाड्या तशाच आल्या असत्या. तुमच्या शाळेच्या पडवीला कुठला आलाय प्रेस? तिथं बाराही गाड्यांना कायमचा शुक्रवार असता. शिवाय तिथं शहाबादी फरशी, इथं सिमेंट, कुणाच्या घरी सारवलेली जमीन. माझ्या गाडीनं कुठं थांबायचं ते शेवटच्या घटकेला जमीन ठरवत होती. हे मला मान्य नाही. गाडीनं स्वतः थांबायचं. म्हणून मी आसाजवळ एक छोटा अडसर बसवला, टोकाला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड तुकडा. दोरी ओढलेली असते तोवर तो वर उचललेला राहतो. दोरी संपली की खाली पडून आस धरतो आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. घरंगळणं बंद. दोरी जेवढी लांब तेवढी गाडी जाणार, मग खाली काहीही असो. चाकं घसरू नयेत म्हणून त्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चढवल्या.

मग मी त्या गाड्या जिथं म्हणून जमीन सापडेल तिथं सोडल्या. गाळ्यात कामाच्या दिवशी सोडल्या, सुट्टीच्या दिवशी सोडल्या. बेटेगावला लाडकीच्या अंगणात ताज्या सारवणावर सोडल्या. तिचा नवरा गोमा खाटेवरून बघत म्हणाला, "एवडा मोटा मानूस, आन पोरांच्या गाड्या खेलतो!" आणि अर्ध्या तासानं तोच खाली उतरून खिटी उचलत होता आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हता. वैतरणेला आगगाडी रखडली तेव्हा फलाटावर एक सोडली. भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांनी पाय आखडून तिला वाट करून दिली आणि ती नेमकी जागेवर थांबल्यावर एकीनं विचारलं, "परत येत नाय का?" मी म्हटलं, नाही, जाऊन आणायची. ती म्हणाली, "मग बरा हाय. आयतं कशाला?" तुला ती बाई आवडली असती.

शेवटची परीक्षा माझी मीच घेतली. परवा सकाळी गाळ्यात डोळ्यांवर पंचा बांधला, लाडकीला गाडी सोडायला सांगितली आणि आवाज थांबल्यावर निघालो. जमुना, त्या गाळ्याची फरशी मी स्वतः घातली आहे. तिच्यात चढ कुठं आहे आणि खिळा कुठं राहिलाय हे मला झोपेत सांगता येईल. तरी पाय उचलेना. लाडकी म्हणाली, "चला की दादा, पुडं काय इहीर नाय." पावलापावलाला वाटायचं, आता काहीतरी लागेल, आणि त्याहून वाईट म्हणजे काहीच लागणार नाही. तेव्हा मला अंतर, दोरी, नमदा काही आठवलं नाही. एवढंच वाटत होतं की ती तिथं असू दे. मग अंगठ्याला टप लागला. मी वाकून गाडी उचलली आणि थोडा वेळ तसाच उभा राहिलो, पंचा सोडायचं सुचलं नाही. आणि मागून कोणीतरी टाळी वाजवली.

तोच तो सुरुवातीला सांगितलेला माणूस. प्लॅस्टिकच्या खेळण्यांचा कारखाना आहे त्याचा. माझ्याकडे बुश करून घ्यायला आला होता, दारात उभा राहून हे सगळं बघत होता. भला माणूस, पायात बूट असूनही बाहेर काढून आत आला. त्यानं स्वतः खिटी उचलून गाडी सोडली, पुन्हा सोडली, बाराही सोडून पाहिल्या, मग स्टूल घेऊन बसला आणि विचारलं, आजवर काय काय बनवलंत. उत्तर ऐकून त्यानं मान डोलावली आणि गाडी उलटी करून पोट बघितलं. म्हणाला, खिटी राहू दे, साचा राहू दे, पण हा नमदा आणि हा अडसर काढून टाकू, ट्यूबच्या पट्ट्याही नकोत, उगीच खर्च. मी म्हटलं, मग ती कुठंही थांबेल. तो हसला, "तो क्या हुआ, खंडेरावजी? बच्चा है, जहाँ रुकेगी वहाँ से दौड़ के उठा लेगा." मी त्याला तुझ्या बारा मुलींबद्दल सांगितलं. त्यानं खरंच मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "आपकी बारह हैं. मुझे तो पूरे हिंदुस्तान को बेचना है." लाडकीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चहा घ्या. त्यानं चहा घेतला, आणि मी त्याला सायकलवरून स्टेशनावर सोडून आलो. बुश त्याला वेळेवर मिळतील.

गाड्या घेऊन मी येत्या रविवारी स्वतः येतोय, पार्सलवर माझा विश्वास नाही. प्रत्येकीच्या पोटाला पत्र्याची पट्टी आहे, तिच्यावर तू पाठवलेल्या कागदावरून मुलींची नावं तुमच्या ठिपक्यांत ठोकली आहेत. उलट बाजूनं ठोकायची असल्यानं आरशात बघून केली, तरी तू बोट फिरवून पाहा आणि एखादा ठिपका चुकला असेल तर मुलींच्या आधी मला सांग. पडवीतल्या फरशीचे सांधे आडवे आहेत की उभे, तेवढं कळव. फरक पडणार नाही, मला आपलं माहीत असावं.

आता हे पत्र का लिहिलं ते. आई शेजारच्या शाळकरी चिंतूला ओट्यावर बसवून तुला स्वतंत्र पत्र लिहून घेतेय, मी जवळ गेलो की दोघंही गप्प होतात. त्यात तिनं मला वेडा म्हटलं असणार, पालघरला दोन खोल्यांचं घर झालं असतं हेही असणार, आणि ते खरं आहे. काल दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. रात्री ताट वाढताना म्हणाली, "बाराच्या बारा एका डब्यात एकमेकींवर घासतील. माझं जुनं लुगडं फाडा आणि त्यात गुंडाळा." ते तिच्या पत्रात नसेल म्हणून मी इथं लिहितो. बाकीचं तू माझ्याकडून ऐकावंस. त्या माणसाला गाडी हवी होती, साचा हवा होता, आणि गाडीचं नाव विचारलं तेव्हा मी जमुना सांगितलं, तर तेही हवं होतं. आणि लेखी करार, की इथून पुढं मी एकही गाडी करायची नाही, विकायला नाही आणि कोणाला द्यायलाही नाही, तुझ्या पुढच्या वर्षीच्या मुलींनाही नाही. साखरबाई, यापुढचा आकडा हळू वाचा, मुली आसपास असतील. नाहीतर राहू द्या, मोठ्यानंच वाचा, त्यांनाही कळू दे त्यांच्या गाडीची काय किंमत झाली होती. पंचाहत्तर हजार रुपये, रोख. मी नाही म्हणालो.

तुझाच,
आबा